नवी पेठेतील दुकानाची प्रीॲम्प्लिफायर जोडणी सेवा : एक अभिप्राय

घरच्या स्टिरिओ संचातील प्रीॲम्प्लिफायर (रेकॉर्ड किंवा सीडीचा सिग्नल घेऊन, त्याची पातळी ठरवून पुढे पाठवणारा नग) चुकीच्या पद्धतीने जोडला किंवा चुकीच्या क्रमाने चालू केला, तर त्याचे स्वतःचे फारसे काही बिघडत नाही. फटका बसतो तो स्पीकरला. म्हणून सोलापुरात नवी पेठेतील एका दुकानातून प्रीॲम्प्लिफायर आणि पॉवर ॲम्प्लिफायर (तोच सिग्नल स्पीकर चालवण्याइतका मोठा करणारा) असे दोन वेगळे नग घेतल्यावर, घरी येऊन जोडून देण्याची त्यांची सेवाही मी घेतली. त्या तंत्रज्ञांचे काम इतके काळजीपूर्वक होते की, त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

खोकी उघडण्याआधी त्यांनी भिंतीवरचा सॉकेट तपासला. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये मल्टिमीटरने २३० व्होल्टच्या आसपास दाब दाखवला. फेज आणि अर्थ यांच्यामध्येही जवळजवळ तेवढाच दाब मिळायला हवा होता. तो फारच कमी आणि अस्थिर मिळाला. सॉकेट तीन पिनांचा, पण तिसऱ्या भोकामागची तार जमिनीपर्यंत पोहोचलेलीच नाही, हा प्रकार आमच्या पूर्व भागातील जुन्या घरांत पुष्कळदा पाहायला मिळतो. "मालक, अर्थिंग मिळत नाही. आधी वायरमनकडून ते करून घ्या, मग मी येतो," असे सांगून ते निघून गेले. पैसे आधीच दिलेले असताना यंत्र कसेबसे चालू करून देऊन मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. तसे न करता त्यांनी काम थांबवले, आणि या सगळ्या सेवेत मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट.

अर्थिंग झाल्यावर ते पुन्हा आले आणि टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र), सीडी प्लेअर व दोन्ही ॲम्प्लिफायर यांना त्यांनी एकाच बोर्डावरून वीज दिली. वेगवेगळ्या सॉकेटांवर अर्थची पातळी थोडीफार वेगळी असते, त्या फरकामुळे सिग्नलच्या केबलच्या बाहेरच्या जाळीतून बारीक प्रवाह वाहू लागतो आणि तोच स्पीकरमधून ५० हर्ट्झच्या किंवा त्याच्या पटीतल्या घुमणाऱ्या आवाजाच्या रूपाने ऐकू येतो, हे त्यांनी समजावून सांगितले. हा आवाज घालवण्यासाठी काही जण प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात. ते कदापि करू नये, कारण आत बिघाड झाला तर यंत्राच्या धातूच्या पेटीतच वीज उतरते, असे त्यांनी बजावले.

खरे कौशल्य दिसले ते टर्नटेबलच्या जोडणीत. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्टपर्यंतचा सिग्नल येतो, तर टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट मिळतात. त्यामुळे प्रीॲम्प्लिफायरचा फोनो विभाग (टर्नटेबलसाठीचा भाग) या सिग्नलला सुमारे शंभर पटींनी मोठे करतो, आणि त्यासोबत रेकॉर्ड कापताना मुद्दाम दाबलेला खर्ज परत उचलतो व वाढवलेला तीव्र स्वर खाली आणतो. खर्ज-तीव्र स्वरांच्या या ठरलेल्या चढउताराच्या मानकाला आरआयएए म्हणतात. त्यानुसार २० हर्ट्झचा स्वर १ किलोहर्ट्झच्या तुलनेत जवळजवळ दहा पट उचलला जातो, म्हणजे रेकॉर्डवरच्या खर्जाबरोबर जमिनीतून येणारा हादराही तितकाच उचलला जातो. आमच्या शेजारी यंत्रमाग चालतात. तंत्रज्ञांनी आवाज थोडा वाढवला, तेव्हा संगीत सुरू नसतानाही वूफरचे पडदे आतबाहेर हलताना स्पष्ट दिसत होते. टर्नटेबल टेबलावरून काढून त्यांनी कारखान्यापासून दूरच्या भिंतीवर फळी ठोकून तिच्यावर ठेवले, प्रीॲम्प्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारी अतिखर्ज कंपने गाळणारा) चालू केला आणि पडद्यांची ती हालचाल जवळजवळ थांबली. टर्नटेबलची बारीक अर्थची तार प्रीॲम्प्लिफायरमागच्या स्क्रूला घट्ट बसवल्यावर उरलीसुरली घुरघुरही गेली. ज्यांच्या घराजवळ माग आहेत, त्यांनी जोडणीसाठी याच माणसाला बोलवावे, असे मी निःसंकोच म्हणेन.

चालू करण्याचा क्रम त्यांनी माझ्याकडून करवून घेतला. आवाजाची कळ शून्यावर आणायची, आधी प्रीॲम्प्लिफायर चालू करायचा, आतल्या रिलेची (आपोआप जोडणी करणाऱ्या स्विचची) 'टक्' ऐकू येईपर्यंत थांबायचे, मग टर्नटेबल किंवा सीडी प्लेअर आणि सर्वांत शेवटी पॉवर ॲम्प्लिफायर. बंद करताना पॉवर ॲम्प्लिफायर सर्वांत आधी. प्रीॲम्प्लिफायरमधील कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भरताना किंवा रिकामे होताना त्याच्या आउटपुटवर क्षणभर धक्का उमटू शकतो, आणि त्या वेळी पॉवर ॲम्प्लिफायर जागा असेल तर तोच धक्का कितीतरी मोठा होऊन स्पीकरवर आदळतो. लाईट गेल्यास पॉवर ॲम्प्लिफायरचे बटण लगेच बंद करावे, नाहीतर वीज परत येताच सगळे एकदम सुरू होते, ही त्यांची सूचना मला विशेष उपयोगी पडली. हा सगळा क्रम दुकानाने मराठीत छापून कागदावर द्यायला हवा. इंग्रजी पुस्तिकेच्या भरवशावर घरातल्या ज्येष्ठांना यंत्र वापरता येत नाही.

दुसऱ्या भेटीचे पैसे वेगळे पडतील, हे दुकानाने विक्रीच्या वेळीच सांगायला हवे होते. रक्कम वाजवी होती, परंतु ती ऐनवेळी कळली.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. त्यांनी प्रीॲम्प्लिफायर थेट पॉवर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवला होता. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि अशा हवेत खालच्या यंत्राची उष्णता वरच्याला सतत मिळत राहणे कपॅसिटरच्या आयुष्याला घातक आहे. मी दोन्ही यंत्रे वेगळ्या कप्प्यांत हलवली, तेव्हा त्यांनी दिलेली केबल अपुरी पडली. दुकानाने ती परत घेतली आणि किमतीतला फरक घेऊन लांब केबल दिली.