सुट्टीतले चार तास: संस्थेत द्यावेत की ओळखीच्या घरात?

सुट्ट्या जवळ आल्या की ज्यांना लोकांसाठी काही करायचं असतं, त्यांच्यापुढे बहुधा दोन वाटा असतात. एक म्हणजे ग्रुपबरोबर एखाद्या वृद्धाश्रमात दिवसभर जायचं: गाणी, गप्पा, पंगतीत वाढणं, भेटवस्तूंचं वाटप. दुसरी वाट फारशी कुणी सुचवत नाही. ओळखीतल्या एखाद्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं किंवा कुणाला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेला असतो. तिथे आपण काही तास बसायचं आणि सांभाळणाऱ्या माणसाला मोकळं करायचं. मी दोन्ही केलं आहे आणि अजूनही करतो, पण ओढ आता दोन्हीकडे सारखी राहिलेली नाही.

ग्रुपचे फायदे उघड आहेत. ठरवणारं कुणीतरी असतं, आपण फक्त वेळेवर पोचायचं. मुलांना नेता येतं, आणि अनोळखी माणसाशी काय बोलावं हे ज्यांना सुचत नाही त्यांना सोबत मिळते. गाण्यांचं तर मला फारच महत्त्व वाटतं. स्मृती बरीच पुसट झालेल्या माणसांतही तरुणपणीची गाणी पुष्कळदा टिकून असतात. एक आजोबा तासभर कुणाशी शब्दही बोलले नव्हते. एक जुनी चाल सुरू झाली आणि त्यांची दोन बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागली, तोही अगदी बिनचूक. त्या ठेक्यासाठी मी पुन्हा जाईन.

मन बदललं ते एका गोष्टीमुळे. सुट्टीच्या मुख्य दिवशी संस्थेतली निम्मी माणसं रजेवर असतात, कारण घरदार त्यांनाही आहे. आणि बाहेरचे ग्रुप नेमके त्याच दिवशी येतात, एकामागून एक. आम्ही पोचलो तेव्हा तिथल्या मावशी एका आजींना भरवत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी चमचा ताटात ठेवला आणि उठल्या. रजिस्टरमध्ये नोंद, सतरंज्या, माईक, आणलेलं सामान ठेवायला कपाटाची किल्ली, सगळं त्यांच्याच अंगावर. आजींचं ताट समोर निवत होतं. भरवायला आम्ही कुणी बसावं तर तेही सोपं नव्हतं. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला कसं बसवायचं, घास केवढा द्यायचा, आधीचा घास गिळला की नाही हे कसं ओळखायचं, हे मावशींनाच ठाऊक. दुपारची झोप टळली, कारण कार्यक्रम चालू होता. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी, हा बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा, टाळण्याचा जुना नियम. त्या दिवशी तीच माणसं हॉलमध्ये खुर्चीत बसून राहिली. कुणाचं मन वाईट नव्हतं. पण त्या मावशींचं काम आमच्या येण्यानं वाढलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि ते मनातून जात नाही.

सगळीकडे असंच होतं असं मी म्हणणार नाही. नीट आखणी करणाऱ्या संस्था आहेत, पाहुण्यांसाठी वेगळी वेळ राखून ठेवणाऱ्याही आहेत. बालगृहांबाबत मात्र मी जरा जास्तच सावध आहे. एका दिवसात जीव लावून निघून जाणारी माणसं मुलांना सतत भेटत राहणं बरं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे होऊ शकणाऱ्या हानीचा मुद्दा घेतला, तो उगाच नाही.

आता दुसरी वाट. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये जगभरात ५ कोटी ७० लाख माणसांना डिमेन्शिया होता. घरचे आणि जवळचे लोक अशा माणसाची देखभाल सरासरी रोज ५ तास करतात, आणि त्या तासांतले सुमारे ७० टक्के बायकांच्या वाट्याला येतात. सुट्ट्यांत हा भार हलका होत नाही, उलट वाढतो. पगारी मदतनीस रजेवर जातात, अशा माणसांना दिवसभर सांभाळणारी केंद्रं बंद असतात, आणि पाहुणे येतात ते पाहुणचार घ्यायला.

माझ्या ओळखीतल्या एक काकू यजमानांना सांभाळतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. शेजारच्या खोलीत बसून कानोसा घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही आहात तोवर न्हाऊन घेते." दार बंद करून, घाई न करता त्यांनी केस धुतले. एरवी पाण्याचा नळ बंद करून करून ऐकावं लागतं, काका उठले की काय म्हणून. त्या दिवशी नळ बंद झाल्याचं एकदाही ऐकू आलं नाही. पुढच्या खेपेला त्या बाहेर गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या. काही आणायचं नव्हतंच, नुसत्या चालून आल्या होत्या.

या वाटेवर अडचणी आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. इथे ग्रुपची सोबत नसते. काही वेळा तीन तासांत काहीच घडत नाही, तेच वाक्य पुनःपुन्हा ऐकावं लागतं. संध्याकाळ झाली की डिमेन्शियाच्या पुष्कळ रुग्णांची बेचैनी वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं, तेही स्वतःच्याच घरात बसून. अशा वेळी त्यांची चूक दुरुस्त करू नये. घराबद्दलच काहीतरी विचारावं आणि बोलू द्यावं. उचलून बसवावं लागत असेल किंवा नळीनं अन्न द्यावं लागत असेल, तर अनुभव नसलेल्यानं एकट्यानं जबाबदारी घेऊ नये. औषध देण्याचं काम तर घरच्यांनी स्पष्ट सांगून, लिहून दिल्याशिवाय अंगावर घेऊच नये. शौचाला नेण्याचं काय, हे आधीच विचारून ठेवावं. संकोचापायी राहून जातं आणि नेमकं तिथेच अडतं. आणि एकदा येतो म्हटलं की आयत्या वेळी नाही म्हणता येत नाही. त्या तीन तासांवर कुणीतरी आपला दिवस बेतलेला असतो.

ज्यांना हे दोन्ही जमणार नाही त्यांच्यासाठी रक्तदान हा उत्तम पर्याय आहे. सुट्ट्यांत नेहमीचे दाते गावाला जातात आणि रक्तपेढ्यांचा साठा उतरतो. लाल पेशी थंडाव्यात सुमारे ४२ दिवसांपर्यंत टिकतात, पण प्लेटलेट साधारण ५ दिवसच. म्हणजे आधी साठवून ठेवून भागत नाही, ऐन सुट्टीतही कुणीतरी जावंच लागतं.

घरात लहान मुलं असतील आणि त्यांनाही यात सहभागी करून घ्यायचं असेल, तर ग्रुपबरोबर संस्थेतच जा. पण मुख्य दिवस सोडून जा, आणि आधी फोन करून कोणता आठवडा रिकामा आहे ते विचारा. तुम्ही एकटे किंवा दोघं असाल आणि हातात एक दुपार असेल, तर मी तुम्हाला ओळखीच्या अशा घराकडेच पाठवीन. माझा अनुभव एवढाच, पण तो त्याच बाजूला झुकतो. तिथे विचारताना मात्र "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, त्यावर कुणी काही सांगत नाही. "बुधवारी चार ते सात मी बसू का?" असं विचारा. बुधवार नको म्हणाले तर कोणता दिवस हवा तेही तेच सांगतील. बहुतेकदा तो सुट्टीचा नसतो, दातांचा दवाखाना उघडा असतो तो असतो.