मालवणात पहिल्यांदाच पाण्याखाली: स्नॉर्कलिंग घ्यावं की स्कूबा?

मालवण-तारकर्लीची खोली बुक झाली की घरात हा प्रश्न निघतोच. तोंडात नळी धरून वरवर तरंगायचं, की पाठीवर सिलिंडर लावून खाली जायचं? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: तरुण मंडळी स्कूबा करतील, आई-बाबा आणि लहान मुलं स्नॉर्कलिंग. स्नॉर्कलिंग सोपं, म्हणून बिनधोक, असा त्यामागचा हिशेब. ही वाटणी मला मान्य नाही. ती वय आणि धीटपणा बघून केलेली असते. बघायला हवेत कान, फुप्फुसं आणि हृदय. आणि त्याहून आधी एक गोष्ट: पाण्यात असताना तुमच्याकडे नेमकं कोण बघत असणार आहे?

कोणाचं लक्ष असतं

मालवणात पोहता न येणाऱ्या पर्यटकाला जो स्कूबा मिळतो, तो प्रशिक्षित डायव्हरचा स्कूबा नव्हे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडक आणि प्रवाळ असलेल्या उथळ भागात होडी थांबते, तुम्हाला वेटसूट, मास्क आणि सिलिंडर चढवतात, आणि प्रशिक्षक तुमचा सिलिंडर हातात धरूनच काही मीटर खाली नेतो. तुमची कामं दोनच, तोंडाने श्वास घेत राहणं आणि कान मोकळे करणं. वर-खाली होणं, हवेचा काटा बघणं, दिशा सांभाळणं हे सगळं तो करतो. म्हणजे एक माणूस पूर्णवेळ तुमच्या अंगाला चिकटून असतो.

स्नॉर्कलिंगमध्ये चित्र उलटं असतं. लाइफ जॅकेट घालून चार-सहा जण एका दोरीला किंवा रिंगेला धरून तरंगतात, आणि त्या सगळ्यांमागे एकच माणूस. कधी तोही होडीतच बसलेला. पालथं पडून, तोंड पाण्यात घालून शांतपणे मासे बघणारा माणूस आणि शुद्ध हरपलेला माणूस वरून अगदी सारखे दिसतात. हात मारणं नाही, ओरडणं नाही. पर्यटकांना दिली जाणारी बरीचशी जॅकेटं तरंगत ठेवतात, पण बेशुद्ध माणसाला उताणं करतीलच असं नाही. म्हणून स्नॉर्कलिंगमधला धोका आधी नजरेस पडत नाही, आणि पडतो तेव्हा वेळ गेलेली असू शकते.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो तुमच्या हातात आहे. आपल्या घरच्यांत जोड्या लावा. एकाने बघायचं तेव्हा दुसऱ्याने डोकं वर ठेवून त्याच्याकडे लक्ष द्यायचं, मग पाळी बदलायची. आणि होडीवाल्या दादांना निघण्यापूर्वीच विचारा, "आमच्याबरोबर पाण्यात कोण उतरणार?" उत्तर "कोणी नाही, पाणी उथळच आहे" असं आलं, तर त्या होडीतून स्नॉर्कलिंग करू नका. अशा वेळी मी धडधाकट माणसाला स्कूबाच सुचवेन.

छातीवर काय येतं

हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण आई-बाबांना स्नॉर्कलिंगला पाठवताना तो कोणाच्याच मनात नसतो.

पाण्यात शिरलं की पायांकडचं रक्त छातीकडे सरकतं. वरून पाण्याचा दाब छातीवर असतो, आणि श्वास एका अरुंद नळीतून ओढायचा असतो. तरण्या, निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. पण रक्तदाब जास्त असेल, हृदय आधीच थोडं थकलेलं असेल, आणि त्यात घाबरून भराभर श्वास ओढला, लाटेविरुद्ध पाय मारले, तर फुप्फुसांत पाणी झिरपू लागू शकतं. हे समुद्राचं पाणी नव्हे, शरीराच्या आतलंच. हवाई बेटांवर स्नॉर्कलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा अनेक घटनांमागे नाका-तोंडात पाणी जाणं हे कारण नसून हीच क्रिया असावी, असं अभ्यासकांनी मांडलं. अशा माणसाला आधी दम लागतो, मग हातापायातलं बळ जातं, आणि हे सगळं थोडक्या वेळात होतं.

म्हणून खूण लक्षात ठेवायची. काहीही श्रम न करता धाप लागली, की डोकं वर, नळी तोंडाबाहेर, उताणं व्हायचं आणि हात उंच करून हाक मारायची. "थोडा वेळ थांबून बघू" असं म्हणायचं नाही. संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क मिळत असेल तर नवख्याने तो टाळावा. त्याच्या आत सोडलेली हवा साचू शकते, आणि तो घाईत उपटून काढणं साध्या नळीएवढं सोपं नसतं.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, इतक्यात झालेली अँजिओप्लास्टी, चालताना लागणारी धाप यांपैकी काही असेल, तर स्नॉर्कलिंग की स्कूबा हा प्रश्न तुमच्यासाठी नाहीच. सुट्टीच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि ते नाही म्हणाले तर किल्ला बघा, होडीतून फिरा. बाबांना "काही होत नाही हो, चला" असा आग्रह कृपा करून करू नका.

कान आणि फुप्फुसं

स्कूबाचे धोके वेगळ्या जातीचे आहेत. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो; म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. त्यामुळे हवेचं आकारमान सर्वांत जास्त बदलतं ते पहिल्या काही मीटरमध्येच, आणि नवखा माणूस नेमका तिथेच असतो. "फार खोल नेत नाहीत, मग काय होणार?" हा प्रश्न म्हणून फसवा आहे.

पहिला परिणाम कानावर. खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कान 'टक' करून मोकळे होतात. दुखायला लागण्याआधीच फुंकायचं, दुखलंच तर थोडं वर येऊन पुन्हा करायचं, आणि जोर लावायचा नाही. सर्दी, सायनस, कान फुटल्याचा जुना इतिहास किंवा कानाची शस्त्रक्रिया असेल तर स्कूबा नको. सर्दीची गोळी घेऊन उतरणाऱ्यांना मी मनापासून सांगते, असं करू नका. गोळीचा असर पाण्यात असतानाच उतरला तर वर येताना हवा अडकते आणि कानाचा पडदा पणाला लागतो.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. सिलिंडरची हवा फुप्फुसात भरून, श्वास रोखून वर आलं, तर ती हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा करू शकते. त्यासाठी दीड मीटरचीही खोली पुरेशी ठरू शकते. घाबरलेला माणूस हमखास हेच करतो, श्वास धरतो आणि वर धावतो. खाली जाण्याआधी कंबरभर पाण्यात मास्कमध्ये पाणी घेऊन ते काढण्याचा, रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारा तोंडातला भाग) तोंडातून काढून परत घालण्याचा सराव करून घेणं म्हणून गरजेचं आहे. हा सराव न करवता थेट उतरवणारा माणूस कितीही स्वस्त असला तरी नको. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे आधी जलतरण तलावात शिकायची सोय आहे. हातात एक दिवस जास्त असेल तर मी तो त्यासाठी खर्च करेन.

दमा असलेल्यांनी डॉक्टरांच्या लेखी होकाराशिवाय स्कूबा करू नये. फिट येणाऱ्यांनी दोन्ही टाळावं, कारण पाण्यात आलेली फिट वरवर तरंगतानाही जीव घेऊ शकते. गरोदरपणात स्कूबा पूर्ण वर्ज्य. मुलांसाठी बहुतेक मान्य संस्था समुद्रातल्या अशा पहिल्या डाइव्हला वयाची किमान दहा वर्षं धरतात. त्याहून लहान मूल असेल तर स्नॉर्कलिंग, तेही कंबरेएवढ्या पाण्यात आणि एका मोठ्या माणसाने हात धरून. जॅकेट मुलाच्या मापाचं हवं. मोठ्यांचं जॅकेट पट्टे आवळूनही कानांपर्यंत वर सरकतं.

परतीचा रस्ता

परतीच्या प्रवासाची ही काळजी स्नॉर्कलिंगला लागू नाही, फक्त स्कूबाला. सिलिंडरची हवा दाबाखाली घेतली की रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, आणि नंतर लगेच उंचावर गेलं तर तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. एका साध्या डाइव्हनंतर विमान पकडण्याआधी किमान 12 तास आणि एकाहून जास्त डाइव्ह असतील तर 18 तास जाऊ द्यावेत, असा संकेत आहे. चिपी किंवा मोपा विमानतळावरून उडणाऱ्यांना हे कोणीतरी सांगतं. पुण्या-कोल्हापूरकडे गाडीने निघणाऱ्यांना सांगायचं राहून जातं. त्या वाटेवरच्या घाटातली आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर आहे. थोडक्या वेळाच्या, उथळ डाइव्हनंतर धोका कमी असतो, हे खरं. तरीही सकाळी स्कूबा, दुपारी जेवण आणि संध्याकाळी घाट असा बेत आखू नका. स्कूबा पहिल्या दिवशी ठेवा, शेवटच्या नको. शेवटच्या दिवशी पाण्यात जायचंच असेल तर स्नॉर्कलिंग घ्या.

समुद्र कसा असेल

या बाबतीत स्नॉर्कलिंग जास्त नाजूक. लाटा, वारा, प्रवाह या साऱ्यांचा मार पृष्ठभागावर बसतो; चार-पाच मीटर खाली त्यामानाने शांत असतं. त्यामुळे दिवस निवडताना स्नॉर्कलिंगवाल्यांनी जास्त चोखंदळ व्हावं. पावसाळ्यात, मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, जलक्रीडा बंद असतात. पाणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निवळलेलं मिळतं. सकाळची वेळ घ्या, दुपारनंतर वारा धरतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात ये-जा करतं आणि गढूळतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ओढ कमी असते. कॅलेंडरवर तिथी बघून बुकिंग करणं कोकणात नवीन नाही, पर्यटकांनीही ती सवय लावून घ्यावी. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ, हे गणित कोणत्याही घरच्या आजोबांना तोंडपाठ असतं: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे ओहोटीला बाहेरची ओढ असते, खाडीचं पाणी गढूळही असतं. तिथल्याच त्सुनामी बेटाजवळ राइड्स घ्यायच्या तर घ्या, पण तोंड पाण्यात घालून तरंगण्यासाठी ती जागा नव्हे.

होडीचा धोका मात्र दोघांना सारखाच आहे, आणि तो विसरला जातो. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. पाण्याखाली त्यांना काहीही झालं नव्हतं. जेटीवरून निघाल्यापासून परत पाय टेकेपर्यंत जॅकेट अंगात, पट्टे लावलेलं असू द्या. होडीत गर्दी दिसली तर पुढच्या फेरीला थांबा. मेच्या शेवटच्या आठवड्यात हवा पालटायला लागते, तेव्हा तर हट्ट नकोच.

डंख, काटे, ऊन

ऊन स्नॉर्कलिंगमध्ये जास्त लागतं. पाठ, मान आणि पोटऱ्या तासाभरात भाजतात आणि थंड पाण्यात ते कळत नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग हे क्रीमपेक्षा चांगलं. जेलीफिश चिकटला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोडं पाणी ओतू नका, वाळूने चोळू नका. पाकटाचा किंवा काटेरी माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. समुद्रसाप दिसला तर लांब राहा, तो आपणहून अंगावर येत नाही. चावलाच तर दुखत नाही म्हणून थांबू नका.

प्रवाळावर पाय टेकवू नका. मालवणचा हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळाने झालेली जखम चिघळते, अशी दोन्ही बाजूंची कारणं आहेत. मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

मग कोणी काय घ्यावं

पोहता येतं, सर्दी-खोकला आहे किंवा कानाचा त्रास आहे: स्नॉर्कलिंग. दुसऱ्याच दिवशी विमान किंवा घाट आहे: स्नॉर्कलिंग. पोहता येत नाही पण तब्येत ठणठणीत आहे, कान चांगले आहेत, आणि प्रशिक्षक एका वेळी एकालाच नेणार आहे: स्कूबा, बिनदिक्कत. पाण्याची खरोखर भीती वाटते त्यांनी आधी किनाऱ्याजवळ छातीपेक्षा कमी पाण्यात नुसता मास्क आणि नळी लावून बघावी. श्वास स्थिरावला तर पुढे जावं, नाही तर तिथेच थांबावं. पन्नाशीपुढच्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दोन्ही नको. स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड असं सगळं एका सकाळी कोंबणारं पॅकेज स्वस्त पडतं, पण त्यात शिकवण्याचा वेळ पहिला कापला जातो. माझं मत विचाराल तर त्यातल्या राइड्स सोडा आणि तो वेळ सरावाला मागून घ्या.

आदल्या रात्री दारू नको. सकाळी पोटभर वडे-सागोतीही नको, हलकं खाऊन पाणी भरपूर प्या. होडी लागते म्हणून गोळी घेणार असाल तर तिने झोप येते का, हे घरीच एकदा घेऊन बघा. मधुमेहींनी उतरण्याआधी साखर तपासावी आणि होडीत काहीतरी गोड ठेवावं.

आणि निघण्याआधी दोन क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा: रुग्णवाहिकेसाठी 108, समुद्रातल्या संकटात तटरक्षक दलासाठी 1554. पाण्यातून आल्यावर छातीत दुखणं, धाप, बधिरपणा, बोलताना अडखळणं यांपैकी काहीही जाणवलं, तर खोलीवर जाऊन आडवं होऊ नका. मालवणचं ग्रामीण रुग्णालय गाठा, तिथून ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय, डॉक्टर सांगतील तिथे. आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आपण पाण्याखाली गेलो होतो, किती वाजता आणि किती खोल.