अंगण खरोखरच वाकडे होते : 2 बाय 72 इंची बेल्ट ग्राइंडर, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात धायरीतल्या भाड्याच्या गाळ्यात सुऱ्यांची पाती घासायला हा ग्राइंडर बसवून नऊ महिने झाले. मोटर, चाके आणि वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी यांबद्दल माझी तक्रार नाही. नवशिक्याने वेग निम्म्यावर आणूनच काम सुरू करावे, कारण पूर्ण वेगात 36 ग्रिटचा, म्हणजे भरड कणांचा, पट्टा चूक लक्षात येण्याआधीच पोलाद खाऊन टाकतो. हे लिहिण्याचे कारण आहे तो पट्ट्यामागचा पाटा, म्हणजे प्लॅटन.

पहिल्या सहा महिन्यांत मी 1095 या जास्त कार्बनच्या पोलादाची अकरा पाती घासली. कडेवर निळी शाई फासून मध्याच्या रेषा आखायच्या, कोपरे अंगाला घट्ट टेकवायची आणि हातांऐवजी कमरेतून सरकायचे, एवढी शिस्त पाळूनही शेवटच्या सात-आठ पात्यांचा धारेकडचा उतार सपाट येईना. गुण्याची, म्हणजे काटकोन्याची, कड टेकवून उजेडाकडे धरले की उताराला आलेले पोट स्पष्ट दिसे. नाचता येईना अंगण वाकडे, असे आपल्याला कोणी ऐकवू नये म्हणून मी यंत्राकडे संशयाने पाहिलेच नाही. उलट पट्टे बोथट होत असावेत अशा समजुतीने साडेतीनशे रुपयांचा एकेक सिरॅमिक पट्टा निम्म्या आयुष्यातच काढून टाकत गेलो. असे चौदा पट्टे गेले. गुणाकार वाचकांनीच करावा, मला तो पुन्हा करवत नाही.

शेजारच्या गाळ्यातले काका पूर्वी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. त्यांनी एके दिवशी पट्टा उतरवायला लावला, पाट्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावला. मधोमध उजेडाची फट दिसली, तिच्यात 0.4 मिलिमीटरचे फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्ती, अलगद गेले. "अहो, तुमचा हात नाही वाकडा, पाटा खाल्लाय पट्ट्याने," एवढेच ते म्हणाले. पाटा मऊ पोलादाचा होता, पट्ट्याची पाठ त्यावरून सतत घासत राहिली आणि मध्यभागी खळगा पडला. खोलगट पाट्यावर घासलेले पाते फुगीर होणारच.

विक्रेत्याला फोन केला, तेव्हा हा झिजणारा भाग असल्याने वॉरंटीत बसत नाही, असे सांगण्यात आले. झिजणारा असेल, तर खरेदीच्या वेळी तसे सांगायला काय हरकत होती? नवा पाटा 2,400 रुपये, कुरिअर वेगळे, आणि तोही त्याच मऊ पोलादाचा.

मग रविवारी जुन्या बाजारातून बिघडलेल्या इंडक्शन शेगडीची काळी तबकडी दीडशे रुपयांत आणली. ही काच सिरॅमिक जातीची असते, उष्णता सोसते आणि पट्ट्याला सहजी दाद देत नाही. काचवाल्याने पाण्याखाली हिऱ्याच्या चकतीने तुकडा कापून दिला (पहिला तडकला). जुना पाटा कानशीने सपाट करून त्यावर तो इपॉक्सीने चिकटवला आणि खाली लोखंडी पट्टीचा आधार दिला, कारण पट्टा काचेला सतत खाली ओढतो आणि तापल्यावर इपॉक्सी ढिला पडतो. आता तीन महिन्यांनंतरही पाट्यावर स्टीलची पट्टी धरली, तर तिच्याखाली 0.05 मिलिमीटरचे गेज शिरत नाही.

त्यामुळे माझे मत असे: यंत्र घ्यावे, पण पाटा पहिल्याच दिवशी तपासावा आणि दर महिन्याला तपासत राहावा. जाता जाता एक सांगतो. पाणी पाजून 200 अंश सेल्सियसवर टेम्पर केलेले (पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी केलेले) पाते घासताना कडेवर निळसर रंग चढला, तर तिथला कडकपणा गेला म्हणून समजावे. मी हातमोजे घालत नाही, बोटांना चटका जाणवला की पाते बादलीत बुडवतो. गुरुवारी पाणी बंद असेल, तर बादली बुधवारी रात्रीच भरून ठेवावी लागते.

पोट आलेल्या पात्यांपैकी तीन पुन्हा घासून सपाट केली आणि दोन त्या नादात कागदासारखी पातळ झाली. एक वहिनींकडे आहे. ते दुरुस्त करून देतो म्हटले, तर बटाट्याच्या चकत्या या सुरीला चिकटत नाहीत, असे सांगून त्यांनी ते परत द्यायला साफ नकार दिला.