नऊ महिने खनिज मिश्रण घातले. फॅट वाढली का?

औसा तालुक्यात माझा दोन संकरित होल्स्टीन आणि एका देवणी गाईचा गोठा आहे. गेल्या जूनपासून फेब्रुवारीअखेर मी दुधात असलेल्या संकरित गाईंना रोज 100 ग्रॅम आणि देवणीला 50 ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून (पेंडीच्या खुराकातून) दिले. दुकानदाराने फॅट वाढेल असे सांगितले होते आणि मी पिशवी त्याचसाठी घेतली होती. संकलन केंद्रावर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (दुधातील पाणी आणि फॅट सोडून उरणारा घन भाग) धरून भाव ठरतो; माझ्या दुधाचा एसएनएफ 8.3 च्या पुढे जात नसल्याने दर दहा दिवसांच्या पगारात कपात होत होती.

तीन महिने पावतीवर काहीच बदल दिसला नाही. सप्टेंबरमध्ये एका संकरित गाईचे मिश्रण तीन आठवडे बंद ठेवले आणि तिच्या दुधाचा नमुना वेगळा तपासून घेतला, तरीही आकडे हलले नाहीत. पशुवैद्यकांनी सांगितलेले कारण मला पटले. दुधातील सगळी खनिजे मिळून सुमारे 0.7 टक्केच भरतात. एसएनएफचा मोठा वाटा दुग्धशर्करेचा आणि प्रथिनांचा असतो. दुधात लिटरमागे साधारण 1.2 ग्रॅम कॅल्शियम जाते, आणि ते वैरणीतून मिळाले नाही तर गाय हाडांतून काढून देते, म्हणून दूध तसेच राहते आणि गाय खंगते. आयोडीन आणि सेलेनियम यांचे दुधातील प्रमाण खाद्यानुसार बदलते खरे, पण केंद्रावरील यंत्र ते मोजत नाही.

फॅट वाढली ती वेगळ्याच उपायाने. पेंड कमी करून ती दोन वेळांत विभागली, कडब्याची कुट्टी वाढवली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खाण्याचा सोडा सुरू केला, तेव्हा पंधरा दिवसांत फॅट 3.2 वरून 3.7 वर गेली. मक्याचा भरडा वाढवल्यावर एसएनएफही 8.5 ला टेकला.

तरीही मिश्रण मी बंद करणार नाही. देवणी चिंध्या आणि हाडे चघळत असे, ते दीड महिन्यात थांबले. हे लक्षण बहुधा फॉस्फरसच्या कमतरतेचे असते. ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडे गव्हाणी वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, भरतात, आणि वाढ्यांतील ऑक्झलेट हा घटक कॅल्शियमला बांधून ठेवते. मागल्या वर्षी त्याच दिवसांत व्यायलेली माझी गाय दुसऱ्या दिवशी खाली बसली, तिचे कान गार पडले आणि शिरेतून कॅल्शियम दिल्यावरच ती उठली. यंदा तीच गाय जानेवारीत व्यायली आणि तिला काहीही त्रास झाला नाही. मात्र विण्यापूर्वीचे तीन आठवडे डॉक्टरांनी हे मिश्रण मुद्दाम बंद ठेवले होते, कारण त्या काळात बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले तर हाडांतून ते काढण्याची शरीराची क्रिया मंदावते. व्याल्याबरोबर ते पुन्हा सुरू केले.

पावसाळ्यात ओल लागून एका पिशवीत गाठी झाल्या आणि गाईंनी आंबोणाला तोंड लावले नाही, म्हणून आता मिश्रण झाकणाच्या डब्यात ठेवतो.