स्ट्रॅटचे पिकअप बदलायचेत? सिंगल कॉइल, रेल, हंबकर का ॲक्टिव्ह

बहुतेकांचं सारखंच होतं. तीन सिंगल कॉइल पिकअपवाली स्वस्तातली स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाइप इलेक्ट्रिक गिटार घेतली, दोन-तीन वर्षांत हात बसला, मग कुठल्यातरी कार्यक्रमात मोठ्या ॲम्पला जोडली आणि डिस्टॉर्शन दाबलं तर सुराच्या आधी घुंऽऽ असा आवाजच हॉलभर. त्या रात्री घरी येऊन पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारे ते चुंबक-कॉइल, शोधायला सुरुवात होते आणि इतकी नावं समोर येतात की माणूस दमून जातो. माझ्या स्वतःच्या तीन आणि मित्रांच्या बऱ्याच गिटारी मी उघडल्यात, त्यावरून माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांना तिन्ही पिकअप बदलायची गरजच नसते, एकटा ब्रिजचा (तारा जिथे खाली अडकतात त्या बाजूचा) बदलला तरी भागतं. फक्त त्रास नेमका कसला आहे ते आधी ओळखायला हवं.

पैसे काढायच्या आधी उंची बघा. शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि पिकअपच्या पोलपासून (वर दिसणारे धातूचे ठिपके) तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं, जाड ई तारेखाली साधारण अडीच मिमी आणि बारीक ई तारेखाली दोन मिमी. यापेक्षा फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढतं, वरच्या फ्रेटवर सूर डुगडुगतो, ट्यूनिंग कितीही केलं तरी बेसूर वाटतं, आणि फार लांब असेल तर आवाज मेलेला. एका मित्राने नवीन सेट मागवायचं नक्की केलं होतं, आम्ही नुसते स्क्रू फिरवले आणि त्याने तो विचारच सोडला.

दुसरं म्हणजे आवाज कोणता येतोय ते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर, पंखा, ॲडाप्टर यांच्याजवळ गेलात की जी जाड गुणगुण येते ती सरळ कॉइलमध्ये शिरते, तिलाच हम म्हणतात, तिच्यावर हम मारणारा पिकअप लावणं हाच इलाज. पण चर्रर्र असा बारीक आवाज, जो तारांना हात लावला की कमी होतो, तो बऱ्याचदा शिल्डिंग नसल्याने येतो, आतल्या खोबणीला तांब्याची फॉइल टेप लावून ती ग्राउंडला जोडली की खूप फरक पडतो आणि खर्च किरकोळ. आणि तारांना हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर ब्रिजची ग्राउंड वायर तुटलीये किंवा जॅकवर वायरी उलट लागल्यात, तिथे नवीन पिकअप घालून काही होणार नाही.

मांडवातल्या स्टेजवर तर अजून एक गोष्ट, थ्री-पिन असतो पण अर्थिंग नसतं. गिटारच्या तारा ग्राउंडमार्गे ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात, त्यामुळे माइकला ओठ लागला की झटका बसतो. हे जीवावरचं आहे, आधी टेस्टर लावून बघा, अर्थिंग करून घ्या, पिकअप नंतर.

आता एकेक पर्याय.

साधा सिंगल कॉइल म्हणजे १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये होता तो प्रकार. सहा पोल हेच अल्निकोचे (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचे) चुंबक असतात आणि भोवती ४२ गेजच्या तारेचे हजारो वेढे, तार माणसाच्या केसाएवढी. मल्टिमीटरवर त्याचा विद्युतरोध साधारण साडेपाच ते साडेसहा किलो-ओहम दिसतो. स्वस्त गिटारीत जो येतो तो दिसायला तसाच, पण उलटा करून बघा, पोल नुसत्या लोखंडाचे असतात आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. तो वाईटच असतो असं नाही, जरा जाड आणि कर्कश वाजतो एवढंच. खरा अल्निको लावला की क्लीनमध्ये (डिस्टॉर्शनशिवाय) कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, बोटाचा हलका-जोरात फरक कळतो. अल्निको २ मऊ, अल्निको ५ जास्त खणखणीत. आणि पाच जागांच्या स्विचवर २ व ४ नंबरच्या पोझिशनचा (जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात) तो पोकळ, टिचकी मारल्यासारखा आवाज दुसऱ्या कुठल्या प्रकारात तसाच्या तसा मिळत नाही. हम मात्र राहणार. सेट घेताना मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा आहे ना ते विचारा, तो असेल तर २ आणि ४ वर गुणगुण जवळजवळ जाते, १, ३, ५ वर राहते.

रेल म्हणजे सिंगल कॉइलच्याच आकारात बसवलेला हंबकर (दोन कॉइलचा, हम मारणारा पिकअप), सहा ठिपक्यांऐवजी दोन पात्या दिसतात. दोन कॉइल उलट वेढलेल्या आणि चुंबकही उलट, त्यामुळे तारेचा सिग्नल बेरजेत जातो आणि हम एकमेकांना खाऊन टाकतो. लाकूड कापायचं नाही, पिकअप बसवलेली पुढची प्लेट बदलायची नाही, आहे त्या भोकात बसतो. हॉट रेल्ससारखे जोरदार रेल सोळा-सतरा किलो-ओहमचे असतात, पण आकड्यावर भाळू नका, बारीक तार वापरली की ओहम वाढतात, म्हणून दुप्पट ओहम म्हणजे दुप्पट आवाज असा हिशोब नसतो. ओहम वाढताना बहुतेक वेळा वरची धार कमी होते आणि मिड वाढतात, हे जास्त खरं. डिस्टॉर्शन आणि लीडसाठी ब्रिजला हा उत्तम, क्लीनला मात्र थोडा जाडसर. रेलचा भाऊ म्हणजे स्टॅक, त्यात दोन कॉइल एकावर एक असतात आणि खालची मुख्यतः हम मारायलाच असते, बाहेरून सहा पोलच दिसतात. आवाज सिंगल कॉइलच्या बराच जवळ, वरची चमक किंचित कमी. क्लीन वाजवणारा पण हमला कंटाळलेला माणूस असेल तर त्याला मी डोळे झाकून स्टॅक सांगतो.

फुल साइझ हंबकर हा गिब्सनच्या सेथ लव्हरचा शोध, पेटंटचा अर्ज १९५५ चा, पेटंट मिळालं १९५९ ला, मधल्या काळात १९५७ पासून पिकअपखाली पेटंट अप्लाइड फॉरचा स्टिकर लागायचा म्हणून आजही त्या आवाजाला पीएएफ म्हणतात. पीएएफ धाटणीचे सात ते नऊ किलो-ओहम, गोल, उबदार, ॲम्प हळूहळू फाटत जातो तशातले, सेमूर डंकन कंपनीचा जेबी वगैरे जोरदार मंडळी सोळाच्या आसपास. तुमची गिटार आधीच एचएसएस (ब्रिजला हंबकर, बाकी दोन सिंगल) असेल तर प्रश्नच नाही. तीन सिंगलवाली असेल तर आधी प्लेट उचलून आत बघा, बऱ्याच स्वस्त गिटारींत आतली खोबण आधीच मोठी कोरलेली असते, मग फक्त नवी प्लेट लागते. नसेल तर लाकूड कोरावं लागतं, आणि ते करायला मी कुणालाही सांगणार नाही, त्यापेक्षा रेल घ्या आणि गिटार शाबूत ठेवा. ब्रिजला घेताना पोलचं अंतरही बघा, जुन्या गिब्सन मापाचा साधारण ४९-५० मिमी, ट्रेमोलोवाल्या (दांडी दाबून सूर हलवता येतो अशा) गिटारीला ५२-५३ च्या आसपासचा लागतो, नाहीतर कडेच्या तारा पोलच्या बाहेर पडतात.

ॲक्टिव्हचं गणितच वेगळं. आत कमी वेढ्यांची कॉइल आणि छोटा प्रीॲम्प, ९ व्होल्टची बॅटरी. अतिशय शांत, लांब केबलनेही धार जात नाही. मेटलवाले ईएमजी कंपनीची ८१-८५ जोडी वापरतात म्हणून लोकांना वाटतं हे फक्त त्यांचंच, पण पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरच्या लाल स्ट्रॅटमध्येही ईएमजीचे ॲक्टिव्ह सिंगल कॉइल होते. अडचण अशी की पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे) २५ के, म्हणजे किलो-ओहम, चे लागतात, जॅक स्टीरिओ लागतो, बॅटरीला आत जागा लागते, आणि केबल जॅकमध्ये तशीच राहिली की बॅटरी उतरते. पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह एकाच गिटारीत मिसळू नका, पॉट दोघांचे जुळत नाहीत.

तर कुणी काय घ्यावं? घरी छोट्या ॲम्पवर किंवा हेडफोनवर जुनी हिंदी-मराठी गाणी क्लीनमध्ये वाजवणाऱ्याने अल्निकोचा सिंगल सेट घ्यावा, आनंद वाटेल. ऑर्केस्ट्रात किंवा गोव्यातल्या लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्याला जनरेटर, डिमरचे लाइट, लांबच लांब केबल यांच्याशी रोज झगडायचं असतं, त्याने ब्रिजला रेल आणि बाकी दोन तसेच ठेवावेत, हम वाढली की ब्रिजवर यायचं, आणि नंतर पैसे आले की नेकच्या बाजूला स्टॅक. फक्त हेवी वाजवायचं आणि ट्यूनिंग खाली उतरवायचं असेल तर हंबकर नाहीतर ॲक्टिव्ह. पाच हजारांच्या गिटारीला तेवढ्याच किमतीचा पिकअप लावावा का असं बरेच जण विचारतात, माझं उत्तर हो, नेक सरळ असेल आणि फ्रेट चांगले असतील तर जरूर लावा, उद्या गिटार बदलली तरी पिकअप काढून नेता येतो.

आता वायरिंग. सिंगल कॉइलला २५० के चे पॉट, हंबकर-रेलला ५०० के, टोनचा कपॅसिटर अनुक्रमे ०.०४७ आणि ०.०२२ मायक्रोफॅरॅड असा रिवाज आहे. उलटं केलं तर हंबकर घोंगडी पांघरल्यासारखा वाजतो किंवा सिंगल कानात टोचतो. ब्रिजला रेल आणि बाकी सिंगल असतील तर व्हॉल्यूम ५०० के चा घ्या आणि सिंगलच्या वाटेवर ग्राउंडला ४७० के चा रेझिस्टर टाका, दोघं समांतर मिळून २४२ के होतात, रुपया-दोन रुपयांत प्रश्न सुटतो. कपॅसिटर, रेझिस्टर, हीट श्रिंक हे पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. पॉट घेताना मात्र जुना सोबत न्या, कारण स्वस्त गिटारीचा पॉट छोटा आणि मेट्रिक असतो, अमेरिकन पॉटचा आटा जाड, तो आणला तर प्लेटचं भोक वाढवावं लागतं आणि नॉबही बसत नाही. व्हॉल्यूमला ए, म्हणजे ऑडिओ टेपर, असलेला बघा.

चार वायरींच्या पिकअपमध्ये रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. सेमूर डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नल नेणारी), हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप. डिमार्झिओत लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी-पांढरी एकत्र. मी एकदा दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकाच गिटारीत लावले आणि एकाचा कागद बघून दुसऱ्याचे रंग जोडले. एकेकटे दोन्ही वाजत होते, पण दोन्ही एकत्र केले की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, बेस गायब. दोन रात्री मी सोल्डर काढत-लावत बसलो, मला वाटत होतं जॉइंट कच्चा आहे. फेज उलटी होती, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांच्या उलट जाऊन कापले जात होते, बस.

तेव्हापासून सोल्डर करायच्या आधी हे करतो: मल्टिमीटर २० के ओहमवर ठेवायचा, लाल टोक हॉटला आणि काळं ग्राउंडला, लोखंडी स्क्रूड्रायव्हर पोलवर टेकवायचा आणि झटकन उचलायचा. आकडा क्षणभर वर किंवा खाली उडतो, काट्याचा मीटर असेल तर अजून स्पष्ट दिसतं. सगळे पिकअप एकाच दिशेने उडाले पाहिजेत. एखादा उलटा उडाला तर त्याच्या हॉट आणि ग्राउंडची अदलाबदल करायची, उघडी तार मात्र ग्राउंडवरच. पुश-पुल पॉट (ओढला-दाबला की स्विचसारखा चालणारा) लावून कॉइल स्प्लिट करायचं, म्हणजे हंबकरची एकच कॉइल वाजवायची असेल तर ती एकत्र केलेली जोडी स्विचमार्गे ग्राउंडला न्यायची. स्प्लिट केल्यावर मधल्या पिकअपसोबत हम आली तर जोडी ग्राउंडऐवजी हॉटला न्या, मग दुसरी कॉइल चालू राहते आणि हम जाते.

सोल्डरिंगला घाबरू नका पण २५ वॉटचं आयर्न घेऊ नका. ग्राउंडच्या वायरी जिला जोडतात ती पॉटची पाठ म्हणजे चांगला मोठा धातू, छोटं आयर्न तापवता तापवता मिनिट घालवतं आणि आतला ट्रॅक जळतो. ४० ते ६० वॉट, रुंद टोक, ६०/४० ची रोझिनवाली तार. पाठ आधी सँडपेपरने घासा, पॉटवर थोडं सोल्डर लावून घ्या, वायरलाही लावून घ्या, मग दोन्ही भेटवले की तीन-चार सेकंदांत जॉइंट होतो, थंड होईपर्यंत वायर हलवायची नाही. चकचकीत दिसला तर पक्का, खरखरीत राखाडी दिसला तर परत. जुनं काही काढण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. कॉइलच्या उघड्या तारेला बोट, आयर्न, काही म्हणजे काही लावू नका, ती तुटली की पिकअप गेला.

प्लेटचे स्क्रू लावायच्या आधी केबल जोडून, ॲम्प कमी आवाजावर ठेवून, स्विचच्या पाचही जागी स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपला टकटक करा, जो चालू असायला हवा तोच वाजला पाहिजे. मग तारा चढवा, ट्यून करा, आणि उंची पुन्हा पहिल्यापासून लावा, नवा रेल जोरदार असतो म्हणून ब्रिजचा पिकअप थोडा खाली घ्यावा लागेल, नेक-मधला किंचित वर, आणि नव्या तारा दोन दिवस ताणल्या गेल्या की परत एकदा मोजा.