सीआरपी पाहून औषध: एसिटॅलोप्राम की नॉर्ट्रिप्टिलिन?
तीव्र नैराश्याच्या साधारण चौथाई रुग्णांत सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर सापडतो, म्हणजे शरीरात मंद दाह चालू असतो. त्यामागचं एक स्पष्टीकरण असं: दाहामुळे आयडीओ हे एन्झाइम ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला कायन्युरेनिन या दुसऱ्याच पदार्थाच्या वाटेला लावतं आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा कच्चा मालच आटतो. मग सेरोटोनिनवर भिस्त असलेलं औषध, जसं एसिटॅलोप्राम, तोकडं पडणारच.

युरोपात या दोन औषधांची तुलना करणाऱ्या जेनडेप या औषध-चाचणीच्या २०१४ च्या विश्लेषणात याच्याशी जुळणारंच चित्र दिसलं. सीआरपी १ च्या खाली असलेल्यांना एसिटॅलोप्राम जास्त लागू पडलं, त्याहून वर असलेल्यांना नॉर्ट्रिप्टिलिन, जे मुख्यतः नॉरएड्रेनालिन या दुसऱ्या रसायनावर काम करतं. दोन्हीकडे फरक नैराश्याच्या मोजपट्टीवर सुमारे ३ गुणांचा.

एसिटॅलोप्राम सोपं: १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. सुरुवातीला मळमळ होते, लैंगिक तक्रारी मात्र रेंगाळतात. नॉर्ट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवावं लागतं. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, हृदयविकार असेल तर आधी ईसीजी हवाच. जास्त गोळ्या एकदम घेतल्या तर जिवावर बेततं, म्हणून आत्महत्येचे विचार असणाऱ्याच्या हाती महिन्याचा साठा देऊ नये.

चूक बहुधा तपासणीतच होते. साधी सीआरपी चाचणी १ च्या आसपास विश्वासाची नाही. 'हाय सेन्सिटिव्हिटी' (बारीक आकडेही नीट मोजणारी) लिहून मागावी. आकडा १० च्या वर आला तर सर्दी, दाढ, लघवीचा संसर्ग आधी शोधावा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. लठ्ठपणा आणि धूम्रपानानेही तो चढतो. त्यामुळे नुसत्या सीआरपीवर, नीट चालू असलेलं औषध बदलू नये.