केडेनलाइव्ह, ८ महिन्यांनंतर: कीफ्रेम जमले, पण वेलांटीने घाम काढला

दिवाळीनंतर महिन्याचं भाडं घेणारं एडिटिंग सॉफ्टवेअर बंद केलं आणि केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर आले. फेब्रुवारीत याच्याबद्दल थोडक्यात लिहिलं होतं, तेव्हा तीन तारे दिले होते. त्यातलं निम्मं मत आता बदललंय, म्हणून पुन्हा लिहायला बसले. फुकट आहे, विंडोज आणि लिनक्सवर चालतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी फक्त दोन गोष्टींबद्दल लिहिणार आहे: पडद्यावर अक्षरं हलवणं आणि आवाज चढवणं-उतरवणं. माझं नव्वद टक्के काम तेवढंच आहे.

काम काय, तेही सांगते. लालबागमध्ये आमच्या चाळीत आणि आजूबाजूला जे जुने गिरणी कामगार राहिलेत, त्यांच्या आठवणी मी रेकॉर्ड करते. कुणी सूत कातायच्या त्रासन खात्यातले, कुणी कापड विणायच्या साचेखात्यातले, कुणी आयुष्यभर बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, राहिलेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा विशी-पंचविशीत असलेली ही माणसं आता सत्तरीच्या आसपास आहेत. दर वर्षी एखाद-दुसरं माणूस कमी होतं. पैसे मिळत नाहीत, त्यामुळे दर महिन्याला कार्डावरून जाणारी रक्कम मला खुपायची.

तरी सोडायचं खरं कारण पैसे नव्हते. कारण होतं ‘गिरणगाव’ हा शब्द.

मला शीर्षक एकेक अक्षर उमटत यायला हवं होतं, टाइपरायटरवर उमटावं तसं. तयार इफेक्ट होता, लावला. पडद्यावर आधी ‘ग’ आला. मग वेलांटी त्याच्या पुढे येऊन बसली आणि ‘ग’ उजवीकडे ढकलला गेला. शब्द उमटण्याऐवजी अडखळला. म्हटलं, असेल एखादी चूक. मग ‘मोर्चा’ लिहून पाहिलं. ‘मो’, मग अख्खा ‘र’, मग पाय मोडलेला ‘र्’, मग ‘च’ आल्याबरोबर ‘र’ उडी मारून डोक्यावर गेला, आणि काना आल्यावर रफार आणखी एकदा सरकला. ‘त्रासन’मध्ये तर पहिल्या तीन पायऱ्या वाचवत नव्हत्या. ज्या माणसाने बत्तीस वर्षं त्या खात्यात काढली, त्याच्या नावाखाली त्याच्या खात्याचं नाव असं मोडतोड होत यावं, हे मला सहन होईना.

कारण सोपं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, ‘मोर्चा’ म्हणजे सहा तुकडे: म, ओकार, र, हलन्त, च, काना. इफेक्ट एका वेळी एक तुकडा पुढे सोडतो. इंग्रजीत एक तुकडा म्हणजे साधारण एक अक्षर, म्हणून तिथे छान दिसतं. आपल्याकडे एका अक्षरात चार-चार तुकडे असतात आणि पहिली वेलांटी साठवताना नंतर, दिसताना आधी येते. गिरगावात डीटीपीचं काम केलेल्या माझ्या मामांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “आमच्या जुन्या फॉन्टात हे झालंच नसतं गं. आम्ही वेलांटी आधी टाइप करायचो आणि ग नंतर.” बरोबर आहे त्यांचं, पण त्या फॉन्टांत लिहिलेलं आज कुठे शोधता येत नाही की कॉपी करता येत नाही. मी मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेला मुक्ता वापरते, तोही फुकट आहे आणि जोडाक्षरं सुबक बसतात. म्हणजे फॉन्टचा दोष नव्हता.

हेच मी त्या भाड्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांना सांगत होते. चॅटवर तीन वेळा वेगवेगळ्या माणसांनी ‘फॉन्ट पुन्हा इन्स्टॉल करा’ एवढंच सांगितलं. स्क्रीनचा व्हिडिओ काढून पाठवला. चौथ्या माणसाने तक्रार बंद करून टाकली. मी वर्गणी रद्द केली, रद्द झाल्याचा ईमेल आला आणि तरीही पुढच्या महिन्यात बँकेचा मेसेज आला की उद्या पैसे कापले जाणार आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे आपोआप जाणारे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, त्यामुळे वाचले. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन तो मँडेटच, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगीच, काढून टाकला. तुम्हीही कुठलीही वर्गणी बंद कराल तेव्हा बँकेकडचा मँडेट तपासा, कंपनीच्या ईमेलवर थांबू नका.

आता केडेनलाइव्ह. यातही शीर्षकाच्या खिडकीत टाइपरायटर आहे आणि त्यात अक्षरानुसार, शब्दानुसार, ओळीनुसार असे पर्याय आहेत. लांब ओळ असेल तर मी शब्दानुसार लावते, शब्द अख्खाच येतो, मोडत नाही. पण ‘गिरणगाव’ एकच शब्द आहे, तो एकदम टपकतो. दोन महिने मी यावर चिडून होते, फेब्रुवारीतले तीन तारे त्यातूनच आले.

मार्चमध्ये वाट सापडली आणि ती कीफ्रेमचीच निघाली. कीफ्रेम म्हणजे क्लिपवरचा एक बिंदू, त्या क्षणी किंमत किती हे आपण ठरवायचं, दोन बिंदूंच्या मधलं सॉफ्टवेअर भरतं. अक्षरं उमटवायचीच नाहीत. पूर्ण शब्द लिहून ठेवायचा आणि झाकायचा. शीर्षकाच्या क्लिपवर उजव्या कडेने क्रॉप, म्हणजे कड कापणारा इफेक्ट, लावला. पहिल्या कीफ्रेमला शब्द पूर्ण झाकलेला, तिथून ३० फ्रेम पुढे दुसरा कीफ्रेम, तिथे पूर्ण उघडा. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबात सव्वा सेकंदाला थोडं कमी. शिरोरेषा डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि तिच्याखाली अक्षरं एकामागून एक दिसतात. वेलांटी ‘ग’च्या आधी, जशी डोळ्याला हवी तशीच येते, आणि रफार कुठेही उडी मारत नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सात-आठ वेळा मागे नेऊन पाहिलं. आई चहा घेऊन आली, तिलाही दाखवलं.

इथे एक चूक मी बरेच दिवस केली. कीफ्रेमच्या मधली रेषा सरळ ठेवायची की वळणदार, हे निवडता येतं. मला वाटायचं, वळणदार म्हणजे नेहमीच चांगलं. नाव डावीकडून सरकत येऊन थांबायला हवं तिथे वळणदार ठेवलं, तर ते जागा ओलांडून पुढे जायचं आणि परत मागे यायचं. वळणदार रेषा प्रत्येक बिंदूतून जाते, पण वळण गुळगुळीत ठेवण्यासाठी दोन बिंदूंच्या मध्ये बाहेर फुगते. थांबायच्या जागेनंतर तीच किंमत असलेला आणखी एक कीफ्रेम दिला तरी फुगवटा राहतोच. म्हणून आता क्रॉपला सरळ रेषा, पारदर्शकतेला सरळ रेषा आणि सरकणाऱ्या नावाला तेवढी वळणदार, तीही शेवटच्या टप्प्यापुरती. आवाजाला वळणदार कधीच नाही.

आवाजाकडे येते, कारण मत खरं तिथे बदललं.

आमची खोली करी रोड स्टेशनच्या बाजूला आहे. रेकॉर्डिंगमध्ये लोकलचा हॉर्न येतो, शेजारच्या कुकरची शिट्टी येते, खाली गणपतीच्या मंडपाचं काम सुरू झालं की हातोडा येतो. पूर्वी मी अशा जागा कापून टाकायचे. मग आठवणी सांगणाऱ्या बाबांच्या बोलण्यातला थांबाही कापला जायचा. ही माणसं थांबून बोलतात. ‘अडीच लाख माणूस बाहेर पडला होता...’ असं म्हणून एक जण सहा सेकंद गप्प बसले, आणि नेमकी त्या सहा सेकंदांत शिट्टी झाली.

आता कापत नाही. व्हॉल्यूम इफेक्ट लावायचा आणि शिट्टीच्या जागी चार कीफ्रेम द्यायचे. नवीन माणसं इथे फसतात, मीही फसले होते. शिट्टीवर एकच कीफ्रेम देऊन आवाज खाली ओढला तर तो क्लिपच्या सुरुवातीपासूनच उतरू लागतो, कारण रेषा आधीच्या बिंदूपासून निघते. म्हणून शिट्टीच्या सहा फ्रेम आधी एक बिंदू शून्यावर रोवायचा, शिट्टी सुरू होते तिथे उणे २५ डेसिबल, संपते तिथे परत उणे २५ आणि सहा फ्रेमनंतर शून्य. पहिला आणि चौथा बिंदू काही करत नाहीत असं वाटतं, पण बाकीचा आवाज तेच धरून ठेवतात. वर एक उपाय: बोलणं सुरू होण्याआधी खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा आणि तो दुसऱ्या ट्रॅकवर त्या खड्ड्याखाली घाला. नाहीतर शिट्टी जाते आणि तिच्या जागी बहिरेपणा येतो, तो शिट्टीपेक्षा जास्त टोचतो.

फेडचं, म्हणजे आवाज हळूहळू विरवण्याचं, गणितही मला उशिरा कळलं. क्लिपच्या कोपऱ्यातली खुंटी ओढून फेड करता येतो, साध्या कामाला तो पुरे. पण शेवटच्या हार्मोनियमला मी कीफ्रेमने दोन सेकंदांचा उतार दिला, शून्यापासून उणे ६० पर्यंत सरळ रेषा, आणि ती अर्ध्यावरच विझल्यासारखी वाटली. डेसिबलमध्ये उणे ६ म्हणजे लाटेची उंची जवळपास निम्मी, उणे २० म्हणजे दहावा हिस्सा. सरळ रेषेने पहिल्या अर्ध्या सेकंदातच उणे १५ आणि एका सेकंदात उणे ३० गाठलं जातं आणि त्यापुढचा उतार कानाला जवळपास ऐकूच येत नाही. मग दीड सेकंदावर उणे १२ चा एक बिंदू घातला आणि उरलेल्या अर्ध्या सेकंदात उणे ६०. तीन बिंदू, आणि हार्मोनियमचा भाता हळूहळू मिटल्यासारखा आवाज गेला. बोलण्याखाली संगीत असेल तेव्हा मी ते उणे २० च्या आसपास ठेवते. संगीत आणखी वर असेल तर म्हाताऱ्या माणसाचा शब्द बुडतो, शब्दाचा शेवट तर आधी बुडतो.

बाकीचं भराभर सांगते. माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, प्रॉक्सी क्लिप (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) चालू केल्यावर नीट चालतं, न करता टाइमलाइन अडकते. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती आवाजाच्या कामाला जास्त ताकदीची आहे हे मान्य, पण तिला लागणारं ग्राफिक्स कार्ड माझ्याकडे नाही आणि त्यासाठी पैसे घालणार नाही. दर दहा मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावून घ्या. वर्षभराच्या भाड्यातला एका महिन्याएवढा भाग मी केडेनलाइव्ह बनवणाऱ्यांना देणगी म्हणून दिला, मागितला नव्हता तरी.

तीन ताऱ्यांचे आता साडेचार करतेय. ज्या बाबांच्या थांब्यावर शिट्टी आली होती, त्यांनी गेल्या रविवारी त्यांचं रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर पाहिलं. ‘त्रासन खातं’ ही अक्षरं सरकत आली तेव्हा त्यांनी ती मोठ्याने वाचली. त्या सहा सेकंदांच्या थांब्याला काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला आणि पुढचं बघत राहिले.

अजून तीन रेकॉर्डिंग बाकी आहेत. त्यातल्या एकात छताच्या पंख्याची घरघर बोलण्याच्या खाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. तिथे कीफ्रेम उपयोगाचा नाही, कारण आवाज खाली ओढला तर बोलणंही खाली जातं. त्यासाठी नॉइज काढणारे इफेक्ट शिकते आहे. पुढच्या वेळेपासून कितीही उकडत असलं तरी रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवणार आहे.